टेपवरचा नंदीबैल

पडद्यावर माझं डोकं होतं. डोकं आणि अर्धे खांदे. आवाज बंद. ते डोकं डावीकडं-उजवीकडं, डावीकडं-उजवीकडं चाललेलं. गाडीच्या काचेपुढं स्प्रिंगची बाहुली ठेवतात ना, तसं.

मॅडमनी रिमोटनं टेप मागं नेली. परत चालवली. मग जोरात पळवली. जोरात पळवल्यावर खोलीतले सगळे हसले. दुष्टपणानं नाही. घरातलं तान्हं पोर झोपेत हसतं, सटवाई हसवते म्हणतात, तेव्हा मोठी माणसं हसतात, तसं. टेबलावर डोनटचा डबा होता. तो हातोहात फिरत माझ्यापर्यंत आला. मी एक उचलला आणि मीही हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

मग शेजारी बसलेला अमेय, माझ्यासारखाच मॅडमचा असिस्टंट, मराठीत म्हणाला, "अरे, तू तर थेट नंदीबैल आहेस."

एवढ्यावर राहिला असता तर मी डोनट खाऊन मोकळा झालो असतो. पण तो मॅडमकडं वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "याच्या घरी खरंच हा धंदा आहे. याचे वडील बैलाला मान हलवायला शिकवतात. मग त्याला नटवून दारोदार मागत फिरतात. आय ॲम नॉट जोकिंग."

डोनटचा घास माझ्या गालात. मॅडमचे डोळे लकाकले. "हाउ वंडरफुल," त्या म्हणाल्या. "आम्हाला सांग ना."

आणि मी सांगितलं.

खोटं का बोलू. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता. मी उठून उभा राहिलो. तोंडानं ढोलकं वाजवलं, गुबू गुबू गुबू. खुर्चीवरचा कुणाचा तरी रेनकोट पाठीवर झूल म्हणून टाकला. 'सांग रं शंभू, या माउलीचं भलं हुईल का?' असं बापाच्या आवाजात विचारलं आणि बैलाच्या मानेनं हो म्हणालो. टाळ्या पडल्या. लोकांनी हसायच्या आत आपणच हसवायचं, ही माझी जुनी विद्या. त्या विद्येवरच मी नांदेडहून कॅलिफोर्नियापर्यंत आलो होतो.

टाळ्या थांबल्यावर खाली बसलो. डोनटची साखर शर्टावर सांडली होती. ती झटकत बसलो, बराच वेळ. वर बघायचं धाडस होत नव्हतं.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते सांगतो.

दोन हजार चारचा हिवाळा. मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी. फी माफ व्हावी आणि पोट भरावं म्हणून शिक्षणशास्त्राच्या एका मॅडमच्या प्रकल्पात असिस्टंट झालो. बाकी सगळे त्यांना पहिल्या नावानं हाक मारायचे. माझी जीभ वळायची नाही, मी मॅडमच म्हणायचो. आमच्या भागातल्या एका हायस्कुलात चिनी बोलणारी पुष्कळ मुलं नव्यानं आली होती. त्यांना इंग्रजी ऐकून किती कळतं, वाचून किती कळतं, हे मोजायची एक परीक्षा मॅडम तयार करत होत्या. ज्याला पुरेसे गुण, तो नेहमीच्या वर्गात जाणार. शास्त्र, इतिहास, सगळं इतर मुलांबरोबर. ज्याला कमी, तो आणखी एक वर्ष नव्या मुलांच्या खोलीत. तिथं सोळा वर्षांची मुलं कागदाची सफरचंदं कापून त्याखाली 'ॲपल' लिहीत बसायची.

परीक्षेची रीत साधी होती. एक मूल, एक परीक्षक, मध्ये टेबल. सीडीतून एक वाक्य ऐकू येणार. मुलापुढं चार चित्रं. त्यानं योग्य चित्रावर बोट ठेवायचं. घंटी वाजेल तेव्हा बोट जिथं असेल ते उत्तर. मग वाचनाचे उतारे, तीच पद्धत. परीक्षकानं काही बोलायचं नाही. शाबास नाही, अरेरे नाही. "चेहरा कोरा ठेवा," मॅडमनी बजावलं होतं. मी बाथरूमच्या आरशासमोर चेहरा कोरा करायचा सराव केला. इतका कोरा की रूममेटनं विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

चेहरा कोराच होता. मानेचं कुणी काही सांगितलं नव्हतं.

आमच्याकडं समोरचा बोलत असताना हुंकार दिला नाही तर त्याला वाटतं, हा झोपला. मी तर मुंबईला इंग्रजीची परीक्षा द्यायला बसलो, तेव्हा हेडफोनातल्या अमेरिकन बाईलाही "हां, हां" म्हणत होतो. पर्यवेक्षक धावत आला होता. इथं तोंड बंद ठेवायला शिकलो. पण बोट बरोबर चित्रावर पडलं की माझी मान आपोआप डुलायची. असं, खांद्याकडून खांद्याकडं. म्हणजे बरोबर. म्हणजे छान, पुढं चल.

चीनमधल्या ग्वांगडाँगहून आलेल्या मुलांना ते 'नाही' दिसत होतं.

मेइलिन त्यांतलीच एक. पंधरा वर्षांची, केस कानामागं घट्ट खोचलेले, हात नेहमी बाह्यांच्या आत ओढलेले. सीडी म्हणाली, मुलगा छत्री घरी विसरला आहे. तिचं बोट ताबडतोब पावसात भिजणाऱ्या मुलावर. मग तिनं वर पाहिलं, माझ्याकडं. माझी मान डुलली. ती क्षणभर थांबली. मग बोट घसरत घसरत कुत्र्याच्या चित्रावर गेलं. घंटी वाजली. मी फुली मारली. वर मनात म्हणालो, बिचारी, हिला काही कळत नाही. शेरा लिहिला, ऐकण्याची क्षमता कमी.

पुढच्या वाक्याला तेच. वाचनालाही तेच. माझ्या वाट्याच्या सगळ्याच मुलांचं तेच. अमेयच्या मुलांचे गुण चांगले, माझ्या मुलांचे तळाला. एवढा फरक कसा, म्हणून मॅडमनी माझ्या परीक्षेची व्हिडिओ टेप मागवली. आणि मग तो डोनटचा दिवस.

अमेयला बापाचं मीच सांगितलं होतं. हा माझा दुसरा पराक्रम.

मी सनीव्हेलला दोन सॉफ्टवेअरवाल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो. राहायचो म्हणजे त्यांच्या हॉलमध्ये पडदा लावून. पडद्याच्या अलीकडं मी, पलीकडं त्यांचा टीव्ही. ते ऑफिसच्या शटलनं जायचे-यायचे, मला कधी "जेवलास का?" असं विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत चॅनेल बदललेलं असायचं. अमेय पुण्याचा. त्याच्याकडं गाडी होती. रविवारी तो मला त्याच्या ओळखीच्या एका काका-काकूंकडं जेवायला न्यायचा. तिथं आळूची भाजी मिळायची आणि मराठी ऐकायला मिळायचं. पहिल्याच रविवारी काकांनी विचारलं, "नांदेडकडचे का? शेती असेल मग." माझी मान डुलली. त्या डुलण्यावर मी वर्षभर आळूची भाजी खाल्ली.

मग एकदा, त्याची गाडी दुरुस्तीला होती तेव्हा, कॅलट्रेनमध्ये मी आणि अमेय, डबा रिकामा, बाहेर पाऊस. घरी फोन लागला नव्हता. फार एकटं वाटत होतं. त्यानं सहज विचारलं, "तुझे बाबा काय करतात रे?" आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. पालातलं राहणं, ढोलकं, शंभू बैल, सगळं. अमेयनं मन लावून ऐकलं. म्हणाला, "यार, काय इंटरेस्टिंग लाइफ आहे तुमचं." मला वाटलं, मित्र मिळाला.

आम्ही नंदीवाले. बाप बैलाला झूल घालायचा, शिंगांना गोंडे बांधायचा आणि गावोगाव हिंडायचा. बायका दारात येऊन विचारायच्या, मुलगा होईल का, नवरा परत येईल का, कोर्टाचा निकाल लागेल का. शंभू मान हलवायचा. सुपातलं धान्य झोळीत पडायचं. मी लहान असताना बापाला विचारलं होतं, याला कसं कळतं? बाप हसला. "त्येला काय ठावं? त्येला पाऊस ठावं न्हाई, निकाल ठावं न्हाई. त्येला माझा हात ठावं हाय. वेसण जराशी वढली की त्यो हो म्हनतो."

"आणि नाही कसं म्हणतो?"

"त्ये शिकवलंच न्हाई. न्हाई म्हननाऱ्या बैलाला दाणं कोन घालंल?"

शाळेत मला नंद्याच म्हणायचे. साहेब तपासणीला आले की गुरुजी मला पुढं उभं करायचे. "नंद्या, सांग, साहेबांची बढती होईल का?" मी मान हलवायचो. साहेब पोट धरून हसायचे. मला बिस्किटाचा पुडा मिळायचा. एकदा तो पुडा घेऊन नाचत घरी गेलो. बापानं विचारलं, कुणी दिला. मी सांगितलं, करूनही दाखवलं. बापानं माझ्या हातातून पुडा घेतला, फाडला, आणि सगळी बिस्किटं शंभूपुढं ठेवली.

"ज्येचं काम केलंस त्येला खाऊ दे," म्हणाला.

तेव्हा मला बापाचा राग आला होता. बिस्किटं गेली म्हणून.

डोनटच्या त्या बैठकीनंतर मॅडमनी मला शाळेत पाठवलं, सीडी प्लेअर परत आणायला. जेवणाची सुट्टी होती. मुलांचे घोळके गवतावर पसरलेले. मेइलिन भिंतीलगतच्या बाकावर एकटीच बसून डब्यातला भात खात होती. मला पाहून तिनं डबा झाकला. मी हॅलो म्हणालो.

तिनं बराच विचार केला. शब्द जमवत होती. मला ते जमवणं ओळखीचं होतं.

"आय पॉइंट बॉय, रेन," ती म्हणाली. "यू सेड नो."

"आय डिड नॉट से नो."

तिनं फक्त मान हलवली. हुबेहूब माझ्यासारखी, खांद्याकडून खांद्याकडं. न हसता. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझी नक्कल न हसता करत होतं.

"नो," ती म्हणाली. "टीचर से नो, आय चेंज."

मला वाटलं होतं, त्या टेबलावर मी बैल होतो. नव्हतो. वेसण माझ्या हातात होती. त्या मुलीला उत्तर ठाऊक होतं. छत्री ठाऊक होती, पाऊस ठाऊक होता. पण तिला आयुष्यभर शिकवलं होतं की आधी मोठ्यांच्या तोंडाकडं बघ. तिनं बघितलं. मी ओढलं. ती सरकली. आणि 'क्षमता कमी' असं मीच लिहिलं, सुवाच्य अक्षरात.

मैदानापलीकडं दुसरी इमारत होती. तिथं जीवशास्त्राची प्रयोगशाळा. काचेतून पांढरे कोट घातलेली मुलं दिसत होती. मेइलिननं तिकडं बोट केलं. बोट आता अजिबात हललं नाही.

"नेक्स्ट यर, मी?"

माझी मान निघाली होती. हो म्हणायला, तिला बरं वाटावं म्हणून, मला बरं वाटावं म्हणून. मी हातानं मानगूट धरलं. खरंच धरलं. तिला वाटलं असेल, याची मान अवघडली.

"आय डोंट नो," मी म्हणालो. "आय विल आस्क."

ती डबा उघडून परत भात खायला लागली. विचारतो म्हणणारे मोठे लोक तिनं बरेच पाहिले असावेत.

पुढची बैठक. तीच खोली. या वेळी डब्यात बेगल, मध्ये भोक असलेले पाव. मॅडम खुशीत होत्या. वसंतात मोठी परिषद होती, तिथं त्यांना ती टेप दाखवायची होती. परीक्षकाच्या नकळत होणाऱ्या हालचालींचा परिणाम, असा विषय. "आणि तूही ये," त्या मला म्हणाल्या. "बैलाची गोष्ट सांग, त्या दिवशी सांगितलीस तशीच. लोक विसरणार नाहीत. तुझ्यासाठीही संधी आहे."

"त्या मुलांच्या गुणांचं काय?" मी विचारलं.

"ते शाळेला गेले."

"पण ते चुकीचे आहेत."

"तत्त्वतः, हो." मॅडमचा आवाज मऊ होता. त्यांचा आवाज नेहमीच मऊ असायचा. "पण परत परीक्षा घ्यायची तर शाळेचं वेळापत्रक मोडतं. आणि एवढा गट काढून टाकला तर आपला अहवालच उभा राहत नाही. आपण अहवालात एक टीप टाकू. एकाच वर्षाचा तर प्रश्न आहे. तुला चालेल ना?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या तोंडाकडं नाही, मानेकडं. कुणाच्या तरी ओठावर हसू आधीच तयार होतं. अमेय तर वाटच बघत होता.

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मान सरळ धरली. हे लिहायला सोपं आहे. तेव्हा मानेच्या शिरा दुखत होत्या. माझी फी त्या मानेवर होती, व्हिसा त्या मानेवर होता, घरी पाठवायचे पैसे त्या मानेवर होते. गुरुजी, साहेब, बिस्किटाचा पुडा, आळूची भाजी, सगळं एकदम ओढत होतं.

"नो," मी म्हणालो.

कुणाला ऐकू गेलं नाही बहुतेक. मॅडम म्हणाल्या, "सॉरी?"

"नाही चालणार. मी बैल करणार नाही. ती टेपही दाखवायची नाही, तिच्यात माझं डोकं आहे. आणि या मुलांची परीक्षा परत घ्यावी लागेल. तुम्ही शाळेला सांगा. नाहीतर मी सांगतो."

इंग्रजी मोडकं होतं. क्रियापदं कुठल्या काळातली होती, देव जाणे. पण कळलं सगळ्यांना. ऐकण्याची क्षमता चांगली होती त्यांची.

"तू अपसेट आहेस," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या इथल्या जागेचा शांतपणे विचार कर."

केला. उठून बाहेर आलो. बेगल घेतला नाही.

अमेय जिन्यापर्यंत मागं आला. "अरे यार, काय करतोयस? असिस्टंटशिप जाईल."

"जाऊ दे."

"एवढं काय मनाला लावून घेतोस? मी कौतुकानं सांगितलं होतं."

"तुझ्या वडिलांचं सांगितलंस का कधी त्या खोलीत?"

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? बाबा बँकेत आहेत."

"मग माझ्या बाबांचंही नाही. सांगायचं तेव्हा मी सांगीन."

तो माझ्याकडं असा बघत राहिला, जसं एखाद्या खुर्चीनं बसू द्यायला नकार दिलाय.

मी शाळेत जाऊन उपमुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. मान हलवून दाखवावी लागली, तेवढी एकदा हलवली. त्या माणसाला हसू आलं नाही. त्यानं मॅडमना फोन केला. परीक्षा परत झाली. परीक्षक दुसरे. मला त्या खोलीच्या आसपास फिरकायची मनाई. सत्र संपलं तसं मॅडमनी मला मऊ आवाजात कळवलं की पुढं माझी गरज नाही. मला माझ्या विभागात पेपर तपासायचं काम मिळालं. पैसे कमी. पडदा तोच.

मेइलिनला किती गुण मिळाले, मला माहीत नाही. बाहेरच्या माणसाला सांगत नाहीत. परीक्षेच्या दिवशी मी शाळेसमोरच्या बसस्टॉपवर उभा होतो, पाऊस होता, छत्री घरी विसरली होती. आता हसा. शाळा सुटली. ती फाटकातून आली, माझ्या समोरून गेली. तिला मी दिसलो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. सरळ पुढं बघत चालत राहिली. माफ केलं नव्हतं तिनं. मला ते पटलं.

त्यानंतरच्या रविवारी अमेयशिवाय, दोन बस बदलून, मी काका-काकूंकडं गेलो. जेवायला दुसरे पाहुणेही होते. काकांनी माझी ओळख करून दिली, "हे नांदेडकडचे, घरची शेती."

"नाही काका," मी म्हणालो. "आम्ही नंदीवाले. वडील बैल घेऊन दारोदार जातात. शेती कधीच नव्हती."

काकूंच्या हातातला डाव पातेल्यात राहिला. मग त्या म्हणाल्या, "अगंबाई, हो का." मग कुणीतरी हवेचा विषय काढला. मी पोटभर जेवलो. परत बोलावणं आलं नाही.

बापाशी फोनवर बोललो. काम का बदललं, विचारत होता. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग आता दाणं कोन घालनार?"

"माझं मी बघीन, बा."

"बग," म्हणाला. फोन कार्ड संपलं.

रविवारी आता मी पडद्याआड खिचडी करून खातो. पलीकडं टीव्ही चालू असतो. लोकांना हसवणं मी सोडलेलं नाही. पडलो, धडपडलो, चुकीच्या ट्रेनमध्ये बसून भलतीकडं गेलो, ते सगळं अजून रंगवून सांगतो. पण बाप, ढोलकं आणि शंभू त्यात नाहीत. ते कुणाच्या डोनटबरोबर खायचं नाही.

आणि कुणी मऊ आवाजात 'चालेल ना?' असं विचारलं, की मी दोन्ही हात टेबलावर ठेवतो. मान सरळ धरतो. आणि आधी विचारतो, कुणाला?